झाकण न उघडता

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात काउंटरशी एक वयस्कर गृहस्थ उभे होते. बोलण्याच्या हेलावरून जुने इंदुरी मराठी. पायाशी काळं कॅबिनेट, धूळ लागू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळलेलं. काउंटरमागच्या मुलाने चादरीचं टोक उचललं, पुढचं निळं पेंटियमचं स्टिकर पाहिलं आणि टोक सोडून दिलं. "अंकल, इसमें अब कुछ नहीं होगा. नया ले लो." त्यांनी किंमत विचारली, मान हलवली आणि कॅबिनेट उचलून रिक्षा शोधायला गेले. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. मुलगा उद्धट नव्हता, खोटारडाही नव्हता. गर्दीच्या वेळी असं बोललं जातंच. पण तो निकाल मनातून जाईना. स्टिकरवरून कळतं ते एवढंच, की विकताना त्यात कुठली चिप होती. बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) कुठला, त्या बोर्डाची धाव कुठवर, मंद नेमकं काय झालंय, यातलं काहीही स्टिकर सांगत नाही. झाकण काढायला दोन स्क्रू लागतात. तेही कोणी काढले नाहीत.

असे डेस्कटॉप आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. २०११ ते २०१३च्या सुमारास घरातलं पोर इंजिनिअरिंगला गेलं म्हणून घेतलेले. पोर आता पुण्याला किंवा बंगळुरूला लॅपटॉप बडवतंय आणि मशीन लोकमान्यनगरच्या नाहीतर सुदामानगरच्या घरात मागे राहिलंय. त्यावर बँकेचं काम चालतं, भजनी मंडळाच्या याद्या होतात, दुपारी कीर्तनं ऐकली जातात. क्लॉथ मार्केटातल्या कितीतरी पेढ्यांवर टॅलीसुद्धा अशाच खोक्यांवर चालतं. या लोकांना गेम खेळायचे नाहीत. मशीन सुरू करून चहा होईपर्यंत वाट पाहावी लागू नये, एवढंच मागणं. आणि खर्चाला हातात असतात तीन-चार हजार रुपये. त्यातही घरात कुणीतरी म्हणणारच की एवढ्यात थोडे घालून नवा फोन आला असता.

त्यामुळे प्रोसेसर बदलायच्या गोष्टीची सुरुवात प्रोसेसरपासून करू नये. मशीन सुरू झाल्यावर, रोजची कामं उघडी ठेवून, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबायची. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर चिकटून बसला असेल आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, वीस-तीसवर रेंगाळत असेल, तर बिचाऱ्या पेंटियमचा काही दोष नाही. तो हार्ड डिस्कची वाट पाहत उभा आहे. तिथे आय७ बसवला तर तोही तिथेच उभा राहील. अशा वेळी पहिला पैसा एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर. या मशीनांत सहसा भेटणाऱ्या एच६१ चिपसेटच्या बोर्डावर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायच्या वाटेचा, वेग ३ गिगाबिटचाच, म्हणजे एसएसडी सेकंदाला पावणेतीनशे एमबीच्या आसपास अडते आणि खोक्यावर छापलेला पाचशेचा आकडा कधी दिसत नाही. तरीही फरक जमीन-अस्मानाचा पडतो. कारण विंडोज सुरू होताना एक मोठी फाईल वाचली जात नाही, हजारो बारीक फाइली वाचल्या जातात, आणि त्या शोधत फिरायला एसएसडीत सुई नसते. दुसरा पैसा रॅमवर: ४ जीबी असेल तर ८. या बोर्डांना लागणारी डीडीआर३ प्रकारची रॅम घेताना मात्र एक सापळा आहे. बाजारात स्वस्त ८ जीबीच्या अशा पट्ट्या येतात ज्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. इंटेलच्या बोर्डात घातल्या की स्क्रीन काळीच राहते. त्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन जुन्या, नावाजलेल्या कंपनीच्या पट्ट्या बऱ्या. रॅमचे दोन्ही मार्ग (चॅनेल) चालू राहतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा मिळतो.

एवढं करूनही सीपीयूचा रकाना शंभरला टेकत असेल, तर मग प्रोसेसर.

आणि तो टेकतो, हे खरंच आहे. दोन कोअरच्या पेंटियमवर पूर्वी नसलेलं एक ओझं गेल्या दहा वर्षांत आलं: ब्राउझर. यूट्यूब आता व्हिडिओ ज्या व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात पाठवतं, ते उलगडण्याची सोय त्या काळच्या इंटेल ग्राफिक्समध्ये नाही, म्हणून सगळी हमाली प्रोसेसरच्या डोक्यावर येते. १०८० लावलं की दोन्ही कोअर गच्च, पंखा कोकलतो आणि कीर्तनकारांचे ओठ आणि आवाज वेगळे व्हायला लागतात. (ब्राउझरला एच.२६४ मागायला लावणारं छोटं एक्स्टेन्शन टाकलं तर पेंटियमवरही बराच आराम पडतो. हा उपाय फुकट आहे, आणि फुकट आहे म्हणूनच दुकानात कोणी सांगत नाही.) शिवाय त्या पेंटियममध्ये एव्हीएक्स (जड गणितांसाठीचे आदेश) नाही, एन्क्रिप्शनसाठीचे वेगळे आदेश नाहीत, काही नवी सॉफ्टवेअर एव्हीएक्स दिसलं नाही की सुरूच होत नाहीत. चार कोअरचा आय५ या सगळ्यावर एकदम उत्तर देतो.

आता झाकण. मागचे दोन स्क्रू काढून डावी बाजू सरकवली की आधी वास येतो, तापलेल्या प्लास्टिकचा आणि माळव्याच्या मातीचा. आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक; ती हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) पात्यांमध्ये दाबून बसते आणि पंख्याखाली जाड थर तयार होतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. हवेने भन्नाट फिरवलं तर बेअरिंग जातं. धूळ उडाली की बोर्डावरचं नाव दिसतं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत रिव्हिजनचा आकडाही. तो आकडा टिपून घ्यायचा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगळा बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) लागू शकतो. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटजवळच्या कपॅसिटरांची (छोट्या उभ्या डब्यांची) डोकी पाहायची. सपाट असतील तर पुढे जायचं. फुगलेली किंवा तपकिरी ओघळ आलेला असेल, तर चिपवर एक रुपयाही घालू नये.

बोर्ड कळला की कमाल मर्यादा कळते, आणि जुन्या मशीनचा हाच मोठा दिलासा. नव्या मशीनला अंत नसतो, याला आहे. एच६१चं सॉकेट एलजीए ११५५, म्हणजे इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी, २०११ची सँडी ब्रिज आणि २०१२ची आयव्ही ब्रिज. त्यापुढची चौथी पिढी ११५० सॉकेटवर गेली, सहावी-सातवी ११५१वर. आठवी-नववीचं सॉकेट नावाला तेच ११५१, पण जुन्या बोर्डावर ती चालत नाहीत. म्हणजे एच६१ असलेल्या घरात प्रश्न तीन-चार नावांपुरता उरतो. आय५-२४००: चार कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ, ९५ वॉट. आय५-३४७०: चार कोअर, ३.२, ७७ वॉट. वर आय७-२६०० आणि आय७-३७७०, चार कोअर आणि आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं). माझं मत विचाराल तर घरच्या कामाला ३४७०च्या पुढे जाऊ नये. ३७७०ला मागणी जास्त, म्हणून भावही चढा, आणि ते जादाचे थ्रेड व्हिडिओ एडिटिंग नसेल तर बसून राहतात. त्या फरकात एसएसडीचा बराचसा खर्च निघतो.

दुसरी पिढी की तिसरी, हे बायोस ठरवतो. एच६१सारखे ६ मालिकेचे बोर्ड आयव्ही ब्रिज यायच्या आधीचे. मूळ बायोसला ती चिप ओळखताच येत नाही, म्हणून ती घालण्याआधी, जुनी चिप आत असतानाच, बायोस अपडेट करावा लागतो. इथेच बहुतेक जण फसतात. नवी चिप आणली, बसवली, पंखा फिरला, स्क्रीन काळी. दुकानदार म्हणतो चिप चांगली होती, घरचे म्हणतात फसवलं. दोघंही खरं बोलत असतात. बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी असते. तिथे चिपच्या नावापुढे बायोसची कुठली आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. आपली आवृत्ती पाहायला रनमध्ये एमएसइन्फो३२ टाकायचं. मशीनमध्ये आधीपासूनच जी२०१० किंवा जी२०३० असेल तर काळजी नको, तो पेंटियम स्वतःच आयव्ही ब्रिज आहे. बोर्ड त्या पिढीला ओळखतो. जी६२०, जी६३० असेल तर ती सँडी ब्रिज, अपडेट तपासावाच लागेल. अपडेटसाठी एफएटी३२ने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह, बायोसमधलीच फ्लॅश करण्याची सोय, आणि यूपीएस. वीज सहसा जात नाही, हे खरं. पण मे महिन्याच्या दुपारी किंवा पहिल्या वळवाच्या संध्याकाळी हे काम काढू नये. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपचा हिशोब निराळा. त्यांचा बायोस त्यांच्या मर्जीचा. चिपसेट तोच असूनही काही मॉडेलांना तिसरी पिढी कधीच मिळाली नाही. तिथे निमूट आय५-२४०० घ्यावा.

जुनी चिप विकत घेण्यात एक विचित्र सुख आहे. तिच्यात फिरणारं, घासणारं काहीच नाही. ऑफिसं दर काही वर्षांनी शेकड्याने मशीनं काढून टाकतात, बोर्ड आणि पॉवर सप्लाय मरतात, चिपा उरतात. म्हणून पिढी मेली तरी चिपांचा सुकाळ आणि चांगल्या बोर्डांचा दुष्काळ. म्हणूनच एच६१चे बोर्ड अजूनही नव्याने बनून विकले जातात. भाव आठवड्याला बदलतो, तेव्हा जेल रोडला आणि आर. एन. टी. मार्गाला दोन्हीकडे विचारून मग घ्यावं. घेताना धातूच्या झाकणावरची अक्षरं उजेडात तिरकी धरून वाचायची. नावाखाली पाच अक्षरांचा कोड असतो, ३४७०साठी एसआर०टी८, २४००साठी एसआर००क्यू. झाकण घासून दुसरं नाव कोरलेल्या चिपाही फिरतात, त्यामुळे दुकानातच मशीनवर लावून सीपीयू-झेड या चिपची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये नाव आणि कोअर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. उलटी करून तळ पाहावा: सोनेरी ठिपके स्वच्छ हवेत, मधले मुंगीएवढे भाग एकही उडालेला नको.

आणि नावामागचं शेपूट.

आय५-३४७०टी हा नावाने आय५, पण कोअर दोनच, ३५ वॉटचा. 'कमी वीज खातो' म्हणून तो खपवला जातो. ३४७०एस मात्र चार कोअरचा, ६५ वॉटचा, आणि उन्हाळ्याच्या गावात चांगलाच. आय५-३३५०पी मध्ये ग्राफिक्स बंद. बोर्डाच्या व्हीजीए पोर्टातून काही येणारच नाही, वेगळं कार्ड लागेल. झिऑन ई३-१२३० व्ही२ किमतीला भुरळ घालतो, कामाला आय७च्या जवळचा, पण त्यालाही ग्राफिक्स नाही, आणि बोर्डाच्या यादीत तो नसेल तर तो जुगारच. नावाच्या शेवटी के असलेला प्रोसेसर एच६१वर वाया आहे, या बोर्डावर त्याचा गुणक (वेग वाढवायचा आकडा) वाढवता येत नाही.

उष्णतेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण परदेशी व्हिडिओ पाहून केलेली गणितं इथे कोसळतात. तिथली खोली बावीस अंशांची, आपली मे महिन्यात पंख्याखालीही छत्तीसची. तेवढे चौदा अंश चिपच्या तापमानात सरळ मिळवायचे. पेंटियमसोबत येणारा कूलर पातळ, नुसत्या ॲल्युमिनिअमचा. आय५ आणि आय७च्या ९५ वॉटवाल्यांसोबत येणारा उंचीने जास्त आणि मध्ये तांब्याचा गोल गाभा असलेला. उलटा केला की लालसर वर्तुळ दिसतं. चिप घेताना तो मागून घ्यावा, थोडे जास्त पडले तरी. त्यात आणखी एक गंमत. सँडी ब्रिजच्या झाकणाखाली सोल्डर आहे, आयव्ही ब्रिजच्या झाकणाखाली उष्णता पुढे नेणारी साधी पेस्ट. म्हणून ७७ वॉटचा ३४७० वीज कमी खात असूनही कधीकधी ९५ वॉटच्या भावंडाइतकाच गरम वाटतो. घाबरण्यासारखं नाही, भार टाकल्यावर पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर थांबत असेल तर ठीक. नव्वदीकडे जायला लागला तर कूलर नीट बसलेला नाही. स्वस्तातल्या बोर्डावर सॉकेटशेजारच्या वीज पुरवणाऱ्या भागांना हीटसिंकही नसतो, म्हणून इंदूरच्या उन्हाळ्यात ९५ वॉटचा आय७-२६०० अशा बोर्डावर दिवसभर पळवणं मला पटत नाही.

बसवणं त्या मानाने सोपं. वायर भिंतीतून काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा. कोरड्या हवेत अंगावर साचलेली वीज जाणवत नाही पण असते. कूलरच्या चार खुंट्यांवर बाण कोरलेले असतात, त्या दिशेने फिरवून वर ओढल्या की सुटतात. दहा वर्षांचं प्लास्टिक कडक झालेलं असतं, एखादी खुंटी तुटते. चार खुंट्यांचा नवा संच मिळतो. चिप आणि कूलर यांच्यामधली जुनी पेस्ट खडूसारखी झालेली असेल. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती कापडावर पुसायची. तरफ दाबून बाहेर सरकवून उचलायची, धातूची चौकट वर करायची, चिप कडांनी धरून सरळ वर घ्यायची. खाली उघड्या ११५५ पिना दिसतात. त्यांच्यावर बोट, कापड, थेंब काहीही पडता कामा नये. एखादी वाकली तर मशीन सुरू होत नाही, किंवा सुरू होतं पण रॅमची एक पट्टी दिसत नाही, आणि लोक रॅम बदलत बसतात. नव्या चिपच्या दोन खाचा आणि कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून ती नुसती ठेवायची, दाबायची नाही. तरफ खाली आणताना करकर आवाज येतो आणि हाताला चांगला जोर लागतो. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी मोडलं असंच वाटतं. खाचा जुळलेल्या असतील तर तो आवाज बरोबर आहे.

पेस्ट मधोमध मसुराच्या दाण्याएवढी, पसरायची नाही, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबायच्या, चारही वेळा टक् असा आवाज यायला हवा. मग कॅबिनेट जरा कलतं करून बोर्डाच्या मागून पाहावं, चारही खुंट्यांची टोकं बाहेर आलेली आहेत ना. तीनच आलेली असतील तर मशीन चालेल, पण गरम होऊन मंदावेल, आणि दोष चिपला दिला जाईल. पंख्याची वायर लावायची. प्रोसेसरजवळची चार पिनांची १२ व्होल्टची वायर काढली असेल तर आठवणीने परत लावायची. ती राहिली की पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही, ही सगळ्यात जास्त भेटणारी तक्रार. एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॉट असं मोठं छापलेलं असतं, त्याकडे पाहू नये. लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते पाहावं. पंधरा असतील तर ते १८० वॉट. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला तेवढे पुरतात, आकडा खरा असेल तर.

पहिल्यांदा सुरू करताना मशीन स्वतःच एक-दोनदा बंद-चालू होऊ शकतं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही याच वेळी बदलून टाकावा, दहा वर्षांचा सेल बहुधा अर्धमेला असतोच. पण सेल काढला की बायोसच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, आणि त्यातून दोन घोटाळे होतात. तारीख मागे जाते, मग बँकेची साइट सुरक्षित नाही म्हणून ब्राउझर आडवा येतो. आणि साटाची, म्हणजे डिस्कशी बोलण्याची, पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली तर विंडोज निळा पडदा दाखवून परत परत सुरू होतं. प्रोसेसर खराब निघाला म्हणून लोक तो परत द्यायला निघतात. बायोसमध्ये जाऊन एक ओळ बदलायची असते फक्त.

हे सगळं केल्यावर मिळतं काय, हेही सरळ सांगायला हवं. विंडोज ११ मिळत नाही. त्याला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बँकेचं काम करणाऱ्या मशीनवर ही बाब हसण्यावारी न्यायची नाही. लिनक्स मिंट या चिपवर छान चालतं, ब्राउझर तोच, मराठी टायपिंगही होतं. टॅलीवाल्या पेढीला मात्र तो रस्ता नाही. त्यांनी बोर्डासकट सगळं बदलण्याचा हिशोब मांडावा. एएमडीचं एएम४ सॉकेट असलेल्यांचं नशीब जरा बरं: २०१७च्या ए३२० बोर्डावरही २०२२पासून रायझन ५००० मालिकेच्या प्रोसेसरांचं दार उघडलं, बोर्ड बनवणाऱ्याने बायोस दिला असेल तर. तिथे पिना चिपला असतात आणि सुकलेली पेस्ट चिपला कूलरबरोबर उपटून आणते, म्हणून मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं आणि कूलर आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवून मगच उचलायचा.

काढलेला पेंटियम दुकानदार शे-पन्नास रुपयांत ठेवून घ्यायला तयार असतो. देऊ नये. प्लास्टिकच्या डबीत, ठिपक्यांना हात न लावता, कॅबिनेटच्या आतच एका कोपऱ्यात चिकटवून ठेवावा. उद्या मशीन सुरू झालं नाही तर बोर्ड गेला की नवी चिप, हे ठरवायला त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही, आणि बायोस पुन्हा कधी जुन्या आवृत्तीवर गेलाच तर तो परत चढवायला सुद्धा तोच लागेल.